घायपाताचा अर्क आणि काजूचा फेस : टकिला, मेस्काल व फेणीची पारख

मराठवाड्यातील शेतकऱ्याला घायपात नवा नाही. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावाच्या शिवारात बांधाला लावलेले हे काटेरी झुडूप गुरांना अडवते आणि त्याच्या पानांतून निघणाऱ्या वाखाचे दोर वळले जातात. कोठे त्याला केकताडही म्हणतात. ही वनस्पती मूळची मेक्सिकोची आणि तिच्याच कुळातील झाडांच्या गाभ्यापासून तेथे टकिला व मेस्काल ही मद्ये बनतात. आपल्या शहरांतील मद्यालयांत टकिला आली ती मात्र मीठ, लिंबाची फोड आणि एका घोटात रिकामा करायचा छोटा पेला घेऊन. मीठ-लिंबाच्या या रीतीने मद्याचे दोष झाकले जातात, तसे गुणही झाकले जातात. म्हणूनच जाणकार मंडळी चव पाहताना तिला हात लावत नाहीत.

प्रथम नावांचा घोळ दूर करू. घायपाताच्या गाभ्यापासून काढलेल्या अर्काला मेक्सिकोत पूर्वी सर्वसाधारणपणे मेस्कालच म्हणत. टकिला हा त्यातलाच, खालिस्को प्रांतातील टकिला या गावाच्या परिसरातला प्रकार. १९७४ मध्ये टकिलाला आणि १९९४ मध्ये मेस्कालला भौगोलिक नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले, तेव्हापासून ही दोन स्वतंत्र मद्ये मानली जातात. टकिला केवळ निळ्या घायपातापासून आणि ठरावीक पाच प्रांतांतच बनवता येते. मेस्कालला अनेक जाती चालतात. त्यांतील सर्वाधिक वापरातली जात एस्पादिन, आणि मुख्य प्रांत ओआहाका. निळा घायपात पक्व व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. मेस्कालच्या काही रानटी जातींना त्याहून कितीतरी अधिक. एक झाड एकदाच कापले जाते. किंमत चढी असण्याचे निम्मे कारण येथेच आहे.

पाने छाटल्यावर उरणारा गाभा अननसासारखा दिसतो. तो शिजवला की त्यातील गुंतागुंतीच्या शर्करेची साध्या साखरेत फोड होते आणि मग ती आंबवता येते. टकिलासाठी हा गाभा भट्टीत वाफेवर शिजवतात. पारंपरिक मेस्कालसाठी जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर गाभे रचून, वर माती लोटून काही दिवस भाजतात. मेस्कालला धुराचा वास येतो तो येथूनच. हुरडा भाजणाऱ्या आगटीजवळ बसलेल्या माणसाला तो वास ओळखायला शिकवावे लागत नाही.

पारखीची सुरुवात पेल्यापासून नव्हे, बाटलीवरील चिठ्ठीपासून होते. 'शंभर टक्के अगावे' असे शब्द तेथे आहेत का, हे पाहावे. ते नसतील तर कायद्यानुसार आंबवलेल्या साखरेपैकी किमान ५१ टक्के घायपाताची असते आणि उरलेली उसाची वा अन्य असू शकते. चिठ्ठीवर 'नोम' हा चार अंकी क्रमांकही असतो. तो कारखान्याचा क्रमांक. वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या किमतींच्या बाटल्यांवर एकच क्रमांक सापडला, तर त्या एकाच छताखाली बनल्या आहेत एवढे निश्चित. मेस्कालच्या चिठ्ठीवर घायपाताची जात लिहिलेली असते. 'आर्तेसानाल' आणि 'आन्सेस्त्राल' हे शब्द पारंपरिक पद्धतीचे निदर्शक आहेत. त्यांतील दुसऱ्या वर्गात मातीच्या भांड्यातच ऊर्ध्वपातन करावे लागते.

वयाचे वर्ग असे : ब्लांको म्हणजे न मुरवलेली, रेपोसादो म्हणजे ओकच्या लाकडात किमान दोन महिने राहिलेली, अन्येहो किमान एक वर्ष आणि एक्स्ट्रा अन्येहो किमान तीन वर्षे. हा शेवटचा वर्ग २००६ मध्ये आला. रंग गडद म्हणजे वय जास्त, असा समज मात्र ठेवू नये. मुरवलेल्या टकिलात कॅरमेल, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक अल्प प्रमाणात घालण्याची मुभा आहे. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर नवशिक्याने आधी ब्लांकोच चाखावी. तेथे लाकूड नसते, त्यामुळे कच्चे काम लपवायला जागा राहत नाही.

आता चव. पेला तोंडाशी निमुळता असावा, मद्य खोलीच्या तापमानाचे असावे आणि पंचवीस-तीस मिलिलिटरपेक्षा अधिक ओतू नये. बर्फ नको, थंडीने वास दबतो. नाक एकदम पेल्यात खुपसले तर केवळ मद्यार्काचा दाह कळतो, म्हणून पेला हनुवटीपासून हळूहळू वर आणावा आणि तोंड किंचित उघडे ठेवून हुंगावे. चांगल्या टकिलात प्रथम शिजलेल्या घायपाताचा गोडसर वास यायला हवा. भाजलेल्या रताळ्याची आठवण व्हावी, असा तो असतो. त्यामागून मिरी, लिंबाची साल, ओल्या मातीचा गंध येतो. पहिला घोट अगदी लहान घ्यावा. तो जिभेला फक्त मद्यार्काची सवय करून देतो, त्यावरून निर्णय देऊ नये. दुसरा घोट तोंडात फिरवून गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा. मागे काय उरते आणि किती वेळ उरते, ही खरी कसोटी.

दोषही ओळखता आले पाहिजेत. नखांना लावायच्या रंगाचा झणका, शिरक्याची आंबट धार किंवा करपलेल्या दुधासारखा वास म्हणजे आंबवताना वा गाळताना हयगय झाली. व्हॅनिलाचा गोडवा घायपाताला पूर्ण झाकून टाकत असेल, तर बाहेरची भर पडल्याचा संशय घ्यावा. तळहातावर दोन थेंब चोळून पाहण्याची एक जुनी युक्ती आहे : मद्यार्क उडून गेल्यावर शिजल्या घायपाताचा वास राहिला तर उत्तम, हात चिकट झाला तर साखर. मेस्कालमध्ये धूर असावा, पण धुराशिवाय काहीच नसेल तर तेही सामान्यच. आणि बाटलीतली ती अळी! एका पतंगाची ही अळी काही मेस्कालच्या बाटल्यांत सोडतात, टकिलात नव्हे. तिचा गुणवत्तेशी संबंध नाही, विक्रीशी आहे.

मेस्काल बनवणारे जुने कारागीर वेताच्या नळीतून मद्य वाटीत सोडतात आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहतात. त्यांना 'पेर्लास', म्हणजे मोती म्हणतात. मोती टिकले तर ताकद योग्य. २०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकातील शोधनिबंधाने या समजुतीची तपासणी केली आणि मद्यार्काचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास असताना बुडबुडे सर्वाधिक काळ टिकतात, असे दाखवून दिले.

हे वाचताना गोमंतकीय वाचकाला हसू येईल, कारण फेणी हे नावच फेसावरून, 'फेण' या शब्दावरून आल्याचे मानले जाते. काजूची पिकून गळून पडलेली बोंडे तुडवून रस काढायचा, तो नुसताच आंबवायचा आणि भाटीवर गाळायचा, हा तेथील क्रम. लगद्यावर दाब देऊन ठिबकणारा स्वच्छ रस म्हणजे निरो. तो ताजाच पितात. पहिल्या गाळपाचा सौम्य हुर्राक उन्हाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांतच संपवायचा असतो, कारण तो टिकत नाही. पुन्हा गाळले की फेणी. ताकद मोजायला गोव्यात आजही 'ग्राव' हे जुने युरोपीय माप तोंडी आहे. एकोणीस-वीस ग्रावची फेणी म्हणजे सुमारे बेचाळीस टक्के मद्यार्क. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची पारखही टकिलासारखीच करावी : पिकल्या बोंडाचा उग्र वास असावा, पण त्यामागे फळ जाणवावे. नुसता उग्रपणा म्हणजे अस्सलपणा नव्हे. उलट वास अजिबात नसलेली फेणी ही बहुधा साध्या मद्यार्काला दिलेले रूप असते.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. नाक, जीभ, बुडबुडे, तळहात यांपैकी कशानेही मिथेनॉल ओळखता येत नाही. ज्योतीचा रंग पाहण्याची गावठी परीक्षाही विश्वासार्ह नाही. फळ वा घायपातापासून बनलेल्या मद्यात मिथेनॉल नैसर्गिकरीत्या अल्प असतेच; मेक्सिकोच्या मानकाप्रमाणे टकिलात शंभर मिलिलिटर शुद्ध मद्यार्कामागे ते ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही आणि ते प्रयोगशाळेतच मोजले जाते. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली, ती औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. पिणाऱ्यांना चवीत वेगळेपण कळले असते, तर एवढे बळी गेले नसते. मद्य घेतल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नजर धूसर होणे, पोटात तीव्र दुखणे, श्वास जलद होणे अशी लक्षणे दिसली तर नशा उतरण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. वेळेत उपचार झाल्यास जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

आपल्या घायपाताचे काय, हा प्रश्न उरतोच. दख्खनच्या पठारावरील घायपातापासून मद्य बनवण्याचा प्रयोग डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात केला आणि २०११ मध्ये 'डेस्मंडजी' या नावाने ते गोव्यात विक्रीस आणले. त्याला टकिला म्हणता येत नाही. ते नाव मेक्सिकोचे. त्याची चव निळ्या घायपाताशी ताडून पाहण्यापेक्षा ते स्वतंत्र मद्य म्हणून चाखणे अधिक न्याय्य ठरेल. बांधावरचा घायपात मात्र दोरापुरताच ठेवावा. त्याचा कच्चा रस अंगाला लागला तर भयंकर खाज सुटते आणि परवान्याविना मद्य गाळणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. तीव्र मद्य घेण्यासाठी राज्यात वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात व परवानाही लागतो. गोव्याहून फेणीची बाटली आणायची असल्यास राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियम आधी पाहून घ्यावेत.