खानावळीची खोली आणि अकरा महिन्यांचा करार

तत्त्वज्ञानाच्या माणसाने भाड्याच्या खोलीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण बघा, ज्याला आपण अर्थशास्त्र म्हणतो, त्याचं मूळ ग्रीक नाव ओइकोनोमिया. त्याचा अर्थ घर चालवण्याची विद्या. ॲरिस्टॉटलने मात्र घर चालवणं वेगळं आणि पैसा मिळवणं वेगळं, अशी भिंत घातली. ज्या घरात एकच खोली असते तिथं ही भिंत कुठं घालायची, हे त्याने काही सांगितलेलं नाही.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न रोजचा होता. दुष्काळ पडला की आपल्या माणदेशातला गडी मुंबई गाठायचा. कोकणातले, साताऱ्या-कोल्हापूरकडचे तर फार आधीपासून तिथं होते. बायकापोरं गावी आणि हा एकटा. झोपायला पाळीपाळीने वापरायचा गाळा, आणि जेवायला कुणातरी गाववाल्या बाईची खानावळ. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. अशाच एखाद्या खोलीत नवरा, मुलं, स्टोव्ह, पिठाचे डबे आणि वीस-पंचवीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक. पहिल्या पाळीच्या माणसाला पहाटे डबा लागायचा, रात्रपाळीच्याला अवेळी ताट. हिशेब महिन्याचा, पगाराच्या दिवशी चुकता व्हायचा. वाणी मात्र महिनाभर उधार देताना भाव चढा लावायचा, आणि हातात रोख लागली तर मंगळसूत्र सावकाराकडे जायचं. पुष्कळ जणी विधवा होत्या, किंवा नवऱ्याची गिरणी सुटलेल्या.

आता हा धंदा तगला कशावर? कष्टावर, हे तर झालंच. पण माझं म्हणणं असं की तिचं खरं भांडवल होतं भाड्याची पावती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं १९४० च्या पातळीला बांधून टाकलं होतं. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळायचा. म्हणजे नवरा गेला तरी चूल तिथंच. पोटभाडेकरू ठेवला तर मात्र जागा जाण्याची भीती. मग जेवून तिथंच पथारी टाकणारा गाववाला कायद्याने कोण, पाहुणा की पोटभाडेकरू? हा वाद तत्त्वज्ञांनाही पुरला असता!

जागा होती, पण पत नव्हती. बँकेच्या लेखी ती बाई धंदा करतच नव्हती, ती घरी स्वयंपाक करत होती. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गरिबांना कर्ज देण्याची भाषा सुरू झाली, तरी तारण कुठून आणायचं? इथं प्रेमाताई पुरव यांचं नाव घ्यावं लागतं. गोवा मुक्तिलढ्यात तरुणपणी उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पहिल्या चौदा खानावळवालींना बँकेकडून प्रत्येकी दीड हजार रुपये कर्ज मिळालं. तारण म्हणून एकमेकींची हमी. वाण्याकडे रोख देता आली की माल स्वस्त आणि चांगला पडतो, एवढ्या साध्या गोष्टीवर पुढची सगळी इमारत उभी राहिली. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिच्या चुलीला कागदावर पहिल्यांदा ‘व्यवसाय’ म्हटलं गेलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार बंद म्हणजे खानावळीची वसुलीही बंद. गाववाल्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून कित्येकींनी उधारीवर वाढलं. संपाच्या इतिहासात युनियन आहे, मालक आहेत, सरकार आहे. ही बुडालेली उधारी कोणत्या खात्यावर मांडायची?

आता सांगोल्याकडे येऊ. कॉलेजच्या पोरांसाठी मेस, शिलाई, ब्लाउज, पापड-लोणची, केक हे सगळं आपल्याकडेही भाड्याच्या फ्लॅटमधून चालतं. चित्र उलटं झालंय. २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. पण जागा? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक राहायला जागा देतो ती बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर, अकरा महिन्यांसाठी. मुदत संपून जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई. आणि करारात छापील ओळ असते, ‘फक्त राहण्यासाठी’.

मालकाचीही बाजू आहे, मी नाकारत नाही. सिलिंडर, पाणी, जिन्यातली वर्दळ, सोसायटीची कटकट. जुन्या कायद्याने जागा कायमची अडकायची, ही त्यांची धास्ती खोटी नव्हती. पण गिऱ्हाईक जोडायला मेसवालीला दोन वर्षं लागतात आणि जागा अकरा महिन्यांची, हे गणित कसं जुळावं? कर्जाचा हप्ता तीन-तीन वर्षं चालतो. मधेच घर बदललं की पत्ता बदलला, पत्ता बदलला की नोंदणीचे कागद बदलले, निम्मी गिऱ्हाइकं गेली, हप्ता मात्र तोच.

म्हणून करार करताना त्या छापील ओळीपाशी थांबा. घरगुती मेस किंवा शिलाई चालेल, अमुक सिलिंडर, अमुक वेळ, एवढं त्यात लिहून घेता येतं, मुदतही चोवीस महिन्यांची ठेवता येते. अकराच महिने हवेत असं कायदा म्हणत नाही. नोंदणी मात्र दोन्हीला करावीच लागते.