उत्सवाचें निमंत्रण आणि अंध वाचक



सार्वजनिक उत्सव म्हटला कीं मांडव, आरास आणि गर्दी हीं डोळ्यांपुढें येतात. परंतु उत्सवाचा आरंभ ह्यांपैकीं कशानेंच होत नाहीं. तो निमंत्रणानें होतो. काय आहे, केव्हां आहे, कोठून आंत जावयाचें, हें ज्याला कळलें नाहीं त्याला मांडवाचें दार उघडें असूनहि बंदच. पूर्वी हें काम दवंडी करीत असे, आणि दवंडी अंधालाहि ऐकूं येई. अलीकडे तें संकेतस्थळाकडे आलें आहे. ह्या पालटांत कोण बाहेर राहिला, हें दाखविणारी सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिक महोत्सवाची एक हकीकत आज सांगावयाची आहे.

ब्रूस मॅग्वायर हे ऑस्ट्रेलियांतील एक जन्मांध गृहस्थ. त्यांच्या संगणकाला ब्रेल लिपीची एक पट्टी जोडलेली असे. पडद्यावरील मजकुराचे ठिपके त्या पट्टीवर बारीक खिळ्यांच्या रूपानें वर येत आणि त्यांवरून बोटें फिरवून ते ओळ वाचीत. ती संपली कीं खिळे खालीं बसत व पुढची ओळ उमटे. मात्र हें यंत्र अक्षरेंच जाणतें, चित्र जाणत नाहीं. चित्रामागें ‘हें अमक्या खेळाचें चिन्ह’ असे चार शब्द लिहून ठेविले असले तर तें ते शब्द पुढें करितें. नसले तर बोटांखालीं अर्थाचें कांहींच येत नाहीं. महोत्सवाच्या संकेतस्थळावर ठिकठिकाणीं हे चार शब्दच नव्हते. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाण्याची वाट त्यांना सांपडेना, आणि निकालांचे तक्तेहि हातीं लागेनात.

येथें मला माझ्या वर्गांतील एक मुलगा आठवतो. त्याची दृष्टि फार अधू होती. एके दिवशीं तो भीत भीत म्हणाला, “गुरुजी, फळ्यावर लिहितां तें मोठ्यानें म्हणत जाल का?” त्या दिवसापासून मी लिहितांना म्हणूं लागलों. खडूचा एक तुकडाहि त्यापायीं जास्त खर्ची पडला नाहीं. खेद एवढाच कीं तें मला आपण होऊन सुचलें नाहीं. आणि तोंवर नोकरीचीं बरींच वर्षें उलटून गेलीं होतीं.

मॅग्वायर ह्यांनीं ७ जून १९९९ रोजीं तेथील मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे तक्रार नोंदविली. तिला आधार होता १९९२ च्या अपंगांविषयींच्या भेदभावविरोधी कायद्याचा. सिडनीला महोत्सवाचा मान मिळाला तो सप्टेंबर १९९३ मध्यें, म्हणजे कायदा आधींचा आणि उत्सव मागाहूनचा. संकेतस्थळें सर्वांना वाचतां यावीं म्हणून काय करावें, ह्याचे आंतरराष्ट्रीय नियमहि मे १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेले होते.

संयोजन समितीनें बचाव केला तो खर्चाचा. खेळांसाठीं पानांचे १२९५ साचे आहेत, ते सुधारण्यास एका माणसाला रोज आठ तासांप्रमाणें ३६८ दिवस लागतील, शिवाय २२ लक्ष डॉलरांची जास्त यंत्रसामग्री लागेल, असा तिचा हिशेब होता. मॅग्वायर ह्यांच्या बाजूच्या तज्ज्ञांनीं तोच हिशेब पुन्हां मांडला. साचे निघाले ३५७, आणि काम कांहीं आठवड्यांचें. दोन हिशेबांत इतकें अंतर पडलें कीं अंकगणित शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला हंसूं आवरत नाहीं. पण क्षणभर मोठा आंकडाच खरा धरूं. तो तरी कोठून आला? भिंत पुरी बांधून झाल्यावर दार पाडावयाचें म्हणजे गवंड्याची मजुरी वाढणारच. पायाच्या वेळीं विचारलें असतें तर हा प्रश्नच उठता ना.

कोणी म्हणेल, घरच्या माणसाकडून वाचून घ्यावें, त्यांत एवढें काय? मीहि पूर्वी असेंच म्हटलें असतें. परंतु शेजारचा मनुष्य रात्रीं अकरा वाजतां, कोणाची मिनतवारी न करितां, उद्यांचा सामना पाहून ठेवितो. तेवढीच मोकळीक अंध माणसानें मागितली तर ती मेहेरबानी कां ठरावी?

आयोगाचे विल्यम कार्टर ह्यांनीं २४ ऑगस्ट २००० रोजीं निर्णय दिला. समितीनें बेकायदेशीर भेदभाव केला आहे, हें त्यांनीं मान्य केलें आणि १५ सप्टेंबरपर्यंत चित्रांना शब्द जोडावे, सूचीची वाट मोकळी करावी, निकालांचे तक्ते वाचतां येतील असे करावे, असा आदेश दिला. १५ सप्टेंबर हा महोत्सवाच्या उद्घाटनाचाच दिवस. तक्रारीपासून निर्णयापर्यंत चौदा महिने गेले होते. दुरुस्तीला उरले तीन आठवडे.

आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यांत सांस्कृतिक जीवनासंबंधीं २९ वें आणि माहितीच्या साधनांसंबंधीं ४२ वें अशीं स्वतंत्र कलमें आहेत. आमच्या उत्सवमंडळांचे चिटणीस वर्गणीच्या पावत्या छापावयास देण्यापूर्वीं तीं एकदां नजरेखालून घालतील तर बरें.

सिडनीस आदेशाचें पालन अर्धवटच झालें. महोत्सव संपला, दिवे मालवले, आणि निकालांचे तक्ते जुने झाले. १८ ते २९ ऑक्टोबरला त्याच शहरांत अपंग खेळाडूंचा पॅरालिंपिक महोत्सव भरला व त्याचें उद्घाटन त्याच मोठ्या क्रीडागारांत झालें. तो संपून आठवडा लोटला, आणि ६ नोव्हेंबर रोजीं समितीनें मॅग्वायर ह्यांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी, असें आयोगानें ठरविलें.