क्रिस्पस अ‍ॅटक्स विद्यालयाचा बास्केटबॉल-संघ : नोंदवहीबाहेरचीं पंधरा वर्षें

कागदपत्रांवरून इतिहास लिहिणारास एक धोका नेहमीं संभवतो. ज्याचें नांव दप्तरांत आढळत नाहीं तें अस्तित्वांतच नव्हतें, असा समज तो नकळत करून घेतो. दप्तर ठेवणारानें कोणास वगळलें व कां वगळलें, हा प्रश्न त्याच्या मनांत येतोच असें नाहीं. या दृष्टीनें अमेरिकेंतील एका शाळेच्या खेळाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. विषय संशोधकांस हलका वाटेल. परंतु त्यांतून निघणारें प्रमेय जुनीं दप्तरें चाळणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचें आहे.

बास्केटबॉलचा खेळ इ. स. १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं काढला. संयुक्त संस्थानांपैकीं इंडियानांत त्यानें जितकें मूळ धरलें तितकें क्वचितच दुसरीकडे धरलें असेल. तेथें माध्यमिक शाळांतील मुलांचे अजिंक्यपदाचे सामने १९११ पासून सुरू झाले. खेड्यांतील शाळा व शहरांतील शाळा असा भेद न करतां सर्वांना मिळून एकच अजिंक्यपद ठेवलेलें होतें, व ही पद्धति १९९७ पर्यंत चालली. साहजिकच या सामन्यांची नोंदवही म्हणजे साऱ्या संस्थानाच्या शाळांची यादीच, असें वरवर पाहणारास वाटतें. प्रत्यक्षांत ती तशी नव्हती.

इंडियानापोलिस शहरांत पूर्वीं कृष्णवर्णीय मुलें इतर मुलांबरोबर सार्वजनिक माध्यमिक शाळांत शिकत असत. १९२२ मध्यें शाळामंडळानें त्यांच्यासाठीं निराळी शाळा काढण्याचें ठरविलें, व ती १९२७ च्या सप्टेंबरांत उघडली. शाळेस प्रथम टॉमस जेफर्सन यांचें नांव देण्याचें घाटत होतें. कृष्णवर्णीय नागरिकांनीं हरकत घेतल्यावर क्रिस्पस अ‍ॅटक्स हें नांव ठरलें. ५ मार्च १७७० रोजीं बोस्टन येथें इंग्रज शिपायांच्या गोळीस बळी पडलेल्यांत अ‍ॅटक्स हा होता.

सामन्यांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे सूत्रधार आर्थर ट्रेस्टर हे होते. तिच्या नियमान्वयें सर्वांस खुल्या असलेल्या सार्वजनिक शाळांनाच प्रवेश मिळे. अ‍ॅटक्स विद्यालयांत केवळ कृष्णवर्णीय मुलें असल्यामुळें तें या अर्थानें सार्वजनिक नव्हे, असें कारण दाखवून त्यास बाहेर ठेवण्यांत आलें. या युक्तिवादांतील विसंगति उघड आहे. मुलांना वेगळें काढलें तें शाळामंडळानें, आणि तो वेगळेपणा दोष म्हणून माथीं मारला तो मुलांच्या. कॅथलिक शाळांनाही हीच बंदी होती.

याप्रमाणें १९२७ ते १९४२ हीं पंधरा वर्षें अधिकृत नोंदवहींत या शाळेचें नांव नाहीं. म्हणून तेथें खेळ नव्हता काय? खेळ होता. इतर कृष्णवर्णीय शाळा, कॅथलिक शाळा आणि शेजारच्या संस्थानांतील कृष्णवर्णीय शाळा यांच्याशीं संघाचे सामने होत असत. त्यांसाठीं मुलांना दूरदूर प्रवास करावा लागे. या काळाचीं साधनें अधिकृत दप्तराबाहेर शोधावीं लागतात : शाळेचीं वार्षिकें, ‘इंडियानापोलिस रेकॉर्डर’ हें कृष्णवर्णीयांचें वृत्तपत्र, आणि खेळलेल्यांच्या आठवणी.

१९४१ मध्यें रॉबर्ट ब्रोकनबर या कृष्णवर्णीय सिनेटरांनीं बंदी उठविण्याकरितां विधिमंडळांत बिल आणलें. तें संमत झालें नाहीं, तरी त्याचा दाब पडलाच. १९४२ पासून ही दारें उघडलीं. १९५० मध्यें रे क्रो हे संघाचे मुख्य शिक्षक झाले. १९५१ मध्यें संघ शेवटच्या चार संघांत आला. त्या वर्षीं अँडर्सनविरुद्धचा सामना ८१–८० असा जिंकून देणारा शेवटचा गोल बेली रॉबर्टसन या खेळाडूचा होता. १९५४ मध्यें मायलन या लहानशा गांवच्या शाळेनें अ‍ॅटक्सचा पराभव केला, व पुढें अजिंक्यपदही मिळविलें.

१९५५ च्या मार्चांत अ‍ॅटक्सनें अंतिम सामन्यांत गॅरी येथील रूझवेल्ट विद्यालयाचा ९७–७४ असा पराभव केला. हें दुसरें विद्यालयही कृष्णवर्णीयांचेंच होतें. तेरा वर्षांपूर्वीं ज्यांना उंबऱ्याच्या आंत येऊं दिलें नव्हतें, त्यांपैकींच दोघे आतां अखेरच्या सामन्यांत समोरासमोर उभे होते. इंडियानापोलिस शहराच्या कोणत्याही शाळेस चव्वेचाळीस वर्षांत न मिळालेलें अजिंक्यपद या शाळेनें आणलें. सर्वांस खुल्या असलेल्या संस्थानव्यापी सामन्यांत केवळ कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेनें विजयी होण्याचा हा अमेरिकेंतील पहिलाच प्रसंग होय. बेलीचा धाकटा भाऊ ऑस्कर रॉबर्टसन हा या संघाचा प्रमुख खेळाडू. त्याची कीर्ति पुढें जगभर झाली. १९५६ मध्यें संघ एकही सामना न हरतां पुन्हां अजिंक्य ठरला. क्रो यांच्या सात वर्षांत १७९ विजय व २० पराभव अशी गणना आहे.

मात्र विजयाच्या रात्रीची एक गोष्ट आंकड्यांत सांपडत नाहीं. विजयी मुलांना आगीच्या बंबाच्या गाडींतून शहराच्या मध्यवर्ती स्मारकाभोंवतीं एक फेरी घालविली, आणि लगेच कृष्णवर्णीय वस्तींतील नॉर्थवेस्टर्न उद्यानाकडे नेलें. शहराला अजिंक्यपद हवें होतें. तें आणणाऱ्यांचा उत्सव मात्र शहराच्या मध्यभागीं नको होता. ही सल रॉबर्टसन यांनीं पुढें अनेकदां बोलून दाखविली.

१९५९ मध्यें बिल गॅरेट यांच्या मार्गदर्शनाखालीं तिसरें अजिंक्यपद मिळालें. पुढें कांहीं काळ विद्यालयाचें माध्यमिक स्वरूप गेलें. २००६ मध्यें तें परत आलें, आणि २०१७ मध्यें शाळांच्या आकारानुसार पाडलेल्या वर्गांपैकीं एका वर्गाचें अजिंक्यपद तिनें मिळविलें. नोंदवही वाचणारास तिचा उदय १९५० नंतर एकाएकीं झाल्यासारखा दिसतो. परंतु १९५५ च्या संघामागें पंधरा वर्षांचा नोंदीविना झालेला खेळ उभा होता. दप्तर खोटें नसतें. पण तें कोणी, कोणासाठीं व कोणत्या नियमानें ठेवलें हें पाहिल्यावांचून त्याच्या मौनास पुरावा मानणें हा संशोधकाचा प्रमाद ठरतो.