सांथींतील भय आणि नायगांवची लेक

खंडाळा म्हटलें कीं बहुतेकांस बोरघाटाच्या माथ्यावरील थंड हवेचें ठिकाण आठवतें. प्रस्तुत लेखांतील खंडाळा तें नव्हे. पुण्याहून साताऱ्यास जातांना नीरा ओलांडून शिरवळ मागें टाकलें म्हणजे खंबाटकीच्या घाटाअलीकडे जें गांव लागतें, तें हें खंडाळा. याच तालुक्यांतील नायगांवीं, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरीं, ३ जानेवारी १८३१ रोजीं सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांतील त्यांचें स्थान वाचकांस सांगावयास नको. परंतु सांथींत शरीराबरोबर मनहि आजारी पडतें व त्या मनास सांवरावें कसें, हा प्रश्न समोर ठेवून त्यांच्या आयुष्याचे अखेरचे आठवडे पुन्हां एकदां पाहण्याजोगे आहेत.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळले. हिंवाळा सरतां सरतां सांथ पुण्यांत फैलावली. या रोगाचा जंतु येर्सिन यानें १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढला होता. पण उंदरांवरील पिसवा तो माणसाच्या अंगांत सोडतात, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लोटलीं. म्हणजे १८९७ सालीं मरण तर डोळ्यांसमोर होतें, परंतु तें कोणत्या वाटेनें येतें हें सामान्य माणसास ठाऊक नव्हतें. ज्या शत्रूची वाट ठाऊक नाहीं, त्याचें भय सर्वत्र वाटतें. घरांत उंदीर पडला कीं छातींत धस्स व्हावें, शेजाऱ्यास कणकण आली कीं दार लावून घ्यावें, रात्रीं अंथरुणांत आपलीच कांख चाचपून पाहावी, असे ते दिवस होते. अफवांना ऊत आला. १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. त्यांस रोगाहून रुग्णालयाचें भय अधिक वाटत होतें!

अशा वेळीं सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यांत, प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचें वय तेव्हां सहासष्ट वर्षांचें होतें. त्या रोग्यांस स्वतः आणून तेथें पोंचवूं लागल्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत नेलें, व पुढें त्यांनाहि रोगानें गांठलें. १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. तो दवाखानाहि वस्तीपासून दूरच होता. रोग्यास वेगळें ठेवावें, हें तत्त्व तेथेंहि मान्य होतें. परंतु वेगळें ठेवणें निराळें आणि टाकून देणें निराळें. आपणांस येथवर कोणीतरी उचलून आणलें, ही जाणीव त्या रोग्यांजवळ होती. सावित्रीबाईंस तरी हा विचार नवा कोठें होता? १८५६ सालीं त्या आजारपणामुळें नायगांवीं माहेरीं राहिल्या होत्या. तेथून त्यांनीं जोतीरावांस जें पत्र लिहिलें, त्यांत स्वतःच्या दुखण्यापेक्षां महार-मांगांच्या शिक्षणावरून भावाशीं झालेल्या वादालाच अधिक जागा आहे. आजारानें मन आंत वळतें. त्यांचें मन तेव्हांहि बाहेरच धांवत होतें.

त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं सोजीर पुण्याच्या घराघरांत शिरूं लागले. हातीं ४ फेब्रुवारीचा सांथरोगाचा नवा कायदा होता. सांथ आटोक्यांत आणण्याचा सरकारचा हेतु होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण माजघर, देवघर आणि बायकामाणसांची अब्रू यांची पर्वा न करितां जें केलें गेलें, त्यानें लोक रोगी लपवूं लागले. विलगीकरणाची छावणी म्हणजे परत न येण्याची वाट, अशी समजूत दृढ झाली. २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. अविश्वासाच्या भूमींत भयाचें पीक असें येतें.

खेडेगांवांनीं मात्र एक तोड काढली होती. उंदीर पडूं लागले कीं गांवच्या गांव घरें सोडून माळावर झोपड्या घालून राही. उंदीर-पिसवा मागें राहत, म्हणून शास्त्रदृष्ट्याहि हा उपाय बरोबर ठरला. मनाच्या दृष्टीनें त्याचें मोल निराळेंच होतें. गुरेंढोरें, चूल, शेजार आणि भावकी हीं सर्व माणसाबरोबर जात. घर सुटे, पण माणसें सुटत नसत.

१८९७ चाच कायदा २०२० सालीं कोरोनाच्या वेळीं पुन्हां हातीं घेण्यांत आला. त्या सांथीच्या पहिल्या वर्षांत जगांत चिंता व विषण्णता यांचें प्रमाण सुमारें २५ टक्क्यांनीं वाढलें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं सांगितलें. त्याच वर्षीं आपल्या सरकारनें मनाच्या व्यथांसाठीं दूरध्वनीवरून सल्ला देण्याची ‘टेलि-मानस’ ही सोय सुरू केली. १८९७ त अशा दुखण्याविषयीं उघड बोलणें सोपें नव्हतें. आज तें उघड बोलतां येतें, ही प्रगति लहान नव्हे.

तथापि औषध व सल्ला यांच्या जोडीस आणखी एक वस्तु लागते. रोग्याच्या दाराशीं येऊन कोणी हांक मारील काय, पेजेचा तांब्या उंबऱ्याशीं ठेवील काय, बरा होऊन आल्यावर त्यास पंगतींत बसवील काय, या प्रश्नांचीं उत्तरें कायद्यांत मिळत नाहींत. तीं आपल्या आळींतच मिळावयाचीं. अंतर राखावें लागेल तेथें तें अवश्य राखावें; पण त्या अंतरापलीकडील माणूस आपला आहे, हें त्यास कळत राहिलें पाहिजे. नायगांवच्या लेकीनें हें पाठीवर ओझें घेऊन सांगितलें.