ग्लासगोची रात्रशाळा आणि टोकियोचे कॉलेज

जपानची गोष्ट निघाली की आपल्याकडे दोनपैकी एक मत हटकून ऐकू येते. एक पक्ष म्हणतो, जपानी माणूस मूळचाच शिस्तीचा, कारागिरी त्याच्या रक्तातच आहे. दुसरा पक्ष म्हणतो, छे, त्याने सारे पाश्चात्त्यांचे उचलले, नक्कल करण्यात तो पटाईत. दोन्ही मते सोयीची आहेत. त्यांपैकी कोणतेही एक धरले की कोणी काय शिकवले, कोणाला शिकवले आणि शिकून झाल्यावर त्याच्या हाती कोणते काम दिले, हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. आम्ही आयुष्य कामगारांच्या संघटनेत घालवले आणि जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. त्यामुळे असले प्रश्न विचारण्याची खोड आम्हांला लागली आहे. जपानच्या पहिल्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजची हकीकत त्याच अंगाने सांगावयाची आहे.

१८६३ साली चोशू प्रांताचे पाच तरुण सामुराई चोरून इंग्लंडला निघाले. परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास त्या काळी जपानात देहान्त शासन होते. पाचांपैकी इतो हिरोबुमी हा पुढे १८८५ साली जपानचा पहिला पंतप्रधान झाला. जहाजावर त्याला व त्याच्या एका सोबत्याला कोणी विचारले की, काय शिकावयास चाललात? उत्तर द्यावयाचे होते 'आरमार', तोंडून गेला 'नौकानयन' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. आणि कप्तानाने दोघांनाही प्रवासभर खलाशाच्या कामास जुंपले, असे सांगतात. इंग्रजी कच्चे असल्याने हे कष्ट नशिबी आले खरे, परंतु सामुराई पोरांचा हात दोरखंडाला लागला तो असा!

आपल्या गोष्टीचा खरा नायक या पाचांतला यामाओ योझो. लंडनमध्ये थोडे शिकून १८६६ साली त्याला ग्लासगोस जावयाचे होते. जहाजे तेथे बांधली जात. जवळ भाड्यालाही पैसा नव्हता. तेव्हा लंडनमधल्या सात्सुमा प्रांताच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक एक पौंड वर्गणी काढून त्याला दिली. मायदेशी चोशू आणि सात्सुमा यांचे हाडवैर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वर्गणीचे मोल कळते. ग्लासगोत यामाओ दिवसा नेपिअरच्या गोदीत हत्यार घेऊन काम करी आणि रात्री अँडरसन्स कॉलेजच्या वर्गाला जाई. त्या गोदीत मुके-बहिरे कामगार खुणांनी बोलून बरोबरीने काम करताना त्याने पाहिले. परत आल्यावर १८७१ साली अंध व मूकबधिरांसाठी शाळा काढावी असा अर्ज त्याने सरकारकडे केला, त्याचे मूळ तेथे आहे.

अँडरसन्स कॉलेज ही काय चीज होती, हे थोडे सांगितले पाहिजे. जॉन अँडरसन हा ग्लासगो विद्यापीठाचा प्राध्यापक १७९६ साली वारला. विद्यापीठाची दारे ज्यांना बंद आहेत त्यांच्यासाठी एक संस्था काढावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. १८०० च्या सुमारास तेथे बर्कबेक नावाच्या तरुण डॉक्टराने कारागिरांना फुकट वर्ग सुरू केले. घामाने चिंब झालेली माणसे दिवाबत्तीच्या वेळी येऊन बसत आणि यंत्रशास्त्र ऐकत. आमच्यासारख्या रात्रशाळेच्या माणसाला या वर्णनाचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

यामाओ ज्या वर्गांना बसे, त्याच वर्गांना हेन्री डायर नावाचा एक स्कॉटिश पोरगा येत असे. जन्म १८४८ चा. दिवसा कारखान्यात उमेदवारी, रात्री वर्ग. पुढे तो शिष्यवृत्ती मिळवून विद्यापीठात गेला आणि प्रोफेसर रँकिन यांचा आवडता शिष्य झाला. १८७२ साली इतो जपानी शिष्टमंडळाबरोबर इंग्लंडात आला. इंजिनिअरिंग कॉलेजसाठी माणसे हवीत, असे त्याने ह्यू मॅथेसन या व्यापाऱ्याला सांगितले. शब्द फिरत फिरत रँकिन यांच्यापर्यंत गेला आणि त्यांनी डायरचे नाव दिले. डायरने तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. अशा पोराच्या हाती एका देशाचे इंजिनिअरिंग शिक्षण सोपवले गेले, आणि ज्या जपानी अधिकाऱ्याच्या हाताखाली तो गेला तो त्याच्याच रात्रशाळेचा यामाओ निघाला.

१८७३ च्या एप्रिलमध्ये डायर निघाला. बोटीवरच त्याने सारा अभ्यासक्रम लिहून काढला, आणि यामाओने तो जसाच्या तसा मान्य केला. ही घाई नव्हती. दोघेही एकाच भट्टीतून निघालेले. वाद घालावयास जागा कोठे होती? 'कोबु दाइगाक्को' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या कॉलेजचा क्रम सहा वर्षांचा होता: दोन वर्षे पायाभूत विषय, दोन वर्षे निवडलेल्या शाखेचे अध्ययन, आणि शेवटची दोन वर्षे प्रत्यक्ष कामावर. स्थापत्य, यंत्र, तारविद्या, वास्तुकला, रसायन, खाणकाम, धातुकाम अशा शाखा होत्या. आकाबाने येथील सरकारी यंत्रशाळेत विद्यार्थ्यांना हाताने काम करावे लागे. सरकारी खर्चाने शिकणाऱ्यास पुढे सात वर्षे सरकारी नोकरीचे बंधन असे. आता गंमत अशी की, खुद्द इंग्लंडात असे कॉलेज नव्हते. तेथे इंजिनिअर होई तो उमेदवारी करून. पुस्तकी शिक्षणावर त्या धंद्याचा विश्वास बेताचाच. उलट युरोप खंडात झुरिकसारख्या ठिकाणी शास्त्र उत्तम शिकवीत. डायरने दोन्ही जोडली. तेव्हा 'जपानने नक्कल केली' म्हणणाऱ्यांनी ही नक्कल कशाची, तेही सांगावे.

विद्यार्थी बहुतेक सामुराई घराण्यांतले होते. तलवार धरणे मानाचे आणि कानस धरणे कमीपणाचे, अशी ती मनोवृत्ती. १८७६ साली सरकारने तलवार बाळगण्यासच बंदी घातली, तेव्हा ही मुले कारखान्यात घण मारीत होती. आपल्याकडे लेखणीवाल्याची जात वेगळी आणि ऐरणवाल्याची वेगळी. इंजिनिअर आणि फिटर एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांशी न बोलता दिवस काढतात, हे आम्ही कित्येक खात्यांत पाहिले आहे. डायरला ही भिंत मुळातच नको होती. शिकवणे मात्र सारे इंग्रजीतून चाले, आणि ते आम्हांला खटकते. परंतु पुढचे पाहा. १८७९ साली पहिली २३ जणांची तुकडी बाहेर पडली, आणि त्या तेवीस जणांनी लगोलग आपला संघ स्थापन केला! १८८६ साली इंजिनिअरिंगचा इंग्रजी-जपानी शब्दकोशही छापून निघाला. शिकले परभाषेत, पण ती विद्या आपल्या भाषेत येण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागला नाही.

शिक्षकांत तारविद्येचा एअर्टन होता. त्याने आधी हिंदुस्थान सरकारच्या तारखात्यात नोकरी केली होती. २५ मार्च १८७८ रोजी टोकियोत कॉलेजच्या दिवाणखान्यात विजेचा दिवा पेटला तो त्याच्या देखरेखीखाली. तो दिवस जपानात वीजदिन म्हणून पाळतात. हिंदुस्थानात तो तारांतले दोष शोधत होता, जपानात त्याने तारवाले घडवले. माणूस तोच, परंतु त्याला नोकरीवर ठेवणारा बदलला की त्याचे कामही बदलते. इंग्लंडात परतल्यावर त्याने व त्याचा सहकारी पेरी याने टोकियोच्या प्रयोगशाळेची पद्धत लंडनमधील फिन्सबरीच्या तांत्रिक कॉलेजात आणली. वास्तुकलेचा कॉन्डर याने तर जपानी चित्रकाराकडे शिष्यत्व पत्करले. कॉलेजातल्या त्याच्या जागी १८८४ साली त्याचाच विद्यार्थी तात्सुनो किंगो आला. टोकियोचे मध्यवर्ती स्टेशन बांधणारा तो हाच.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? पुण्याला १८५४ सालीच इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला होता, म्हणजे टोकियोच्या आधी जवळजवळ वीस वर्षे. रुरकीचे कॉलेज त्याहूनही जुने, १८४७ चे. मात्र पुण्याचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे पुरवण्यासाठी. वरच्या जागांसाठी १८७१ साली इंग्लंडात कूपर्स हिल येथे खास कॉलेज काढण्यात आले. गोऱ्या तरुणांना इंजिनिअर करून हिंदुस्थानात पाठवावे, हा त्याचा हेतू. हिंदी विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश नाममात्र होता. दोन वर्षांनी त्याच देशातून डायर टोकियोस निघाला, तो जपान्यांनाच इंजिनिअर करावयास. इंग्रज एकच, परंतु एका ठिकाणी तो मालक होता, दुसऱ्या ठिकाणी पगारी नोकर.

दोन माणसे शेजारी उभी करून पाहावीत. तानाबे साकुरो आणि आपले विश्वेश्वरय्या जवळजवळ समवयस्क, आणि दोघेही १८८३ साली परीक्षा उतरले. एक टोकियोस, दुसरे पुण्यास. तानाबेने प्रबंध लिहिला तो बिवा सरोवराचे पाणी डोंगर फोडून क्योतो शहरात आणण्यावर. उजव्या हाताला दुखापत झाल्यामुळे त्याने तो डाव्या हाताने पुरा केला. क्योतोच्या गव्हर्नरने त्याच पोराला बोलावून काम सोपवले. १८८५ ला सुरुवात, १८९० ला कालवा पुरा. मुख्य कोणी परदेशी इंजिनिअर नाही. मध्ये तो अमेरिकेस जाऊन पाण्यावरची वीज पाहून आला आणि १८९१ पासून त्या पाण्यावर वीज निघू लागली. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक म्हणून लागले. नाशिक, खानदेश, सक्कर, पुणे. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच बुद्धीचे. परंतु मुख्य इंजिनिअरची खुर्ची हिंदी माणसाच्या वाट्याला येणार नाही हे दिसत असताना १९०८ साली त्यांनी नोकरी सोडली. बुद्धीत कोण कमी होता? दोघांत फरक पडला तो परीक्षेनंतरच्या दिवशी.

जपानचे गोडवे गाण्यासाठी हे लिहिलेले नाही. तेथल्या गिरण्यांत खेड्यांतून आणलेल्या मुली वसतिगृहांत कोंडून रात्रपाळीला राबवल्या गेल्या. त्यांच्यासाठी कारखाना कायदा झाला तो १९११ साली, अंमल १९१६ पासून. आपल्याकडचा, कसाही असो, १८८१ चा. त्यांच्या स्वस्त सुताने चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत हटवले, त्याचा फटका गिरणगावाने सोसला. कॉलेजने इंजिनिअर निर्माण केले, पण कामगाराला त्याने काही दिले असे म्हणवत नाही.

डायर १८८२ साली स्कॉटलंडला परतला. ग्लासगो विद्यापीठात नौकाबांधणीच्या अध्यासनासाठी त्याने अर्ज केला; जागा मिळाली नाही. एका राष्ट्राला चालले ते एका विद्यापीठाला चालले नाही! मग तो ग्लासगोच्या शाळामंडळात काम करीत राहिला, आणि १८९५ साली उद्योगधंद्यांच्या उत्क्रांतीवर त्याने पुस्तक लिहिले, त्यात कामगार संघ आणि सहकार यांचा विचार आहे. जपानी विद्यार्थी मात्र ग्लासगोस येतच राहिले, आणि १९०१ साली विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेत जपानी भाषेला मान्यता दिली. कॉलेज स्वतः १८८६ साली टोकियोच्या विद्यापीठात विलीन झाले.

क्योतोच्या कालव्याच्या कामात माणसेही मेली. तानाबेने १९०२ साली स्वतःच्या पैशाने केआगे येथे त्या सतरा जणांचा स्मारकशिला उभारला. तो अजून तेथे आहे.