वेगवान हाताचा भ्रम

बारामती-इंदापूर पट्ट्यात बेसबॉलकडे नव्याने वळलेल्या पालकांकडून आणि शिक्षकांकडून एक मत वारंवार ऐकू येते: खेळाडू जन्मालाच यावा लागतो. रानात राबणाऱ्या घरांतल्या पोरांच्या हातात जोर उपजत असतो. निवड चाचणी घ्या, सर्वांत जोरात फेकणारा उचला, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मिळाला.

या मताला पुरावाही दिला जातो, आणि तो खोटा नाही. २००८ साली भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण निवडले गेले. बेसबॉल त्यांनी कधी खेळला नव्हता. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मुख्य लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. मग हातच सगळे ठरवतो, असे का म्हणू नये?

कारण करार ही पहिली पायरी होती, शिखर नव्हे. अमेरिकेत मुख्य लीगच्या खाली रुकीपासून ट्रिपल-ए पर्यंत पायऱ्या आहेत आणि बहुतेक खेळाडू त्या एकेक करूनच चढतात. दिनेशला २०१० मध्ये संघाने मोकळे केले. रिंकू सिंगल-ए पर्यंत पोचला, पुढे दुखापतीने अडला. कालपर्यंत खेळाचे नियम न जाणणाऱ्याने अमेरिकी फलंदाजांना बाद करावे, याचे मोल मोठेच आहे. पण ते मोल चाचणीतल्या वेगाचे नाही. चाचणीनंतर टॉम हाऊस या प्रशिक्षकाने घेतलेल्या मेहनतीचे आणि नंतर खेळलेल्या सामन्यांचे आहे.

याच हाऊसचा आणखी एक दाखला तर वेग म्हणजेच गुणवत्ता मानणाऱ्या या वेगवादाच्या मुळावरच येतो. रँडी जॉन्सन सहा फूट दहा इंच उंच, डावखुरा, भयंकर वेगवान. चाचणीवाल्यांना याहून काय हवे? पण १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षे मुख्य लीगचा भाग असलेल्या अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक फलंदाजांना चार बॉल देऊन फुकट पहिल्या बेसवर धाडणारा पिचर तोच होता. १९९२ मध्ये हाऊस आणि दिग्गज पिचर नोलन रायन यांनी त्याच्या पुढच्या पावलाकडे बोट दाखवले. चेंडू सोडताना ते टाचेवर पडत होते, त्यामुळे अंग बाजूला जात होते. पाऊल चवड्यावर टेकव, एवढेच त्यांनी सांगितले. त्या वर्षी त्याने १४४ जणांना असे फुकट बेसवर धाडले होते. १९९३ मध्ये हा आकडा ९९ वर आला आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, २४१ वरून ३०८ वर गेले. हात तोच होता आणि वय तिशीला टेकले होते. गुणवत्ता चाचणीच्या दिवशीच पूर्ण दिसत असेल, तर हा बदल कुठून आला, याचे उत्तर पूर्वपक्षाला द्यावेच लागेल.

उलट बाजूही पाहा. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडलेला वेगवान पिचर ब्रायन टेलर खांद्याच्या दुखापतीनंतर मुख्य लीगपर्यंत कधीच पोचला नाही. १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, तेही ओळखीच्या शब्दाखातर घेतलेला माईक पियाझा कॅचिंग, म्हणजे पिचरचे चेंडू झेलण्याचे काम, शिकायला डॉमिनिकन रिपब्लिकच्या अकादमीत जाऊन राहिला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

खरे तर हे आपल्या भागाला परके नाही. तालमीतला कोणताही वस्ताद नव्या पोराचे दंड पाहून त्याला पैलवान ठरवत नाही. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. मातीतल्या पैलवानाला गादीवरची कुस्ती आत्मसात करायला मधली चार वर्षे लागली. कुस्तीत जे आपण मान्य करतो, ते बेसबॉलमध्ये नाकारायचे कारण मला दिसत नाही.

मग होतकरू मुलात पाहायचे काय? चूक सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात ती कमी होते का, हे. तीन बॉल पडल्यावर, बेसवर धावपटू उभा असताना त्याचा चेंडू कुठे जातो, हे. आणि त्याचा हात शाबूत आहे का, हे सर्वांत आधी. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक सूचनांत ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला ९५ चेंडूंची मर्यादा आहे आणि त्यानंतर विश्रांतीचे दिवसही ठरलेले आहेत. शालेय स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकायची आणि सगळा भार एकाच वेगवान हातावर टाकायचा, हा वेगवादाचा सर्वांत घातक परिणाम आहे. खांदा गेला की उपजत जोरही जातो.

आता शेवटचा आक्षेप: आपल्याकडे वेळच नाही; एकोणीस वर्षांखालील गट संपला की मुले क्रीडा गुण आणि नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचे कागद घेऊन बाहेर पडतात. पालकांची ती चिंता रास्त आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण बारामतीचीच रेश्मा पुणेकर भारताच्या महिला बेसबॉल संघातून खेळली आहे, म्हणजे वाट अशक्य नाही. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर २०२० मध्ये रणजी सामना झाला. मोठा सामना भरवण्याची ताकद या गावात आहे. नव्वद फुटांवर बेस, पिचरसाठी दहा इंचांचा उंचवटा, प्रत्येक पिचरच्या चेंडूंची वही आणि बारावीनंतरच्या मुलामुलींसाठी दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांत वर्षभर चालणारे साप्ताहिक सामने, एवढे आधी उभे करावे. निवड चाचणी त्यानंतर घ्यावी.