कळसूबाई : लोककथा आणि महादेव कोळी समाजाचा इतिहास

प्रस्तावना :
अकोले तालुक्यातील कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. त्याच्या परिसरात महादेव कोळी या आदिवासी जमातीची वस्ती आहे. या समाजाची लिखित साधने अल्प असल्याने लोककथेचे ऐतिहासिक मूल्य तपासणे आवश्यक ठरते.

लोककथा :
ब्रिटिशकालीन गॅझेटियरमधील कथेनुसार कळसू ही कोळ्याची मुलगी. इंदोरे गावी एका कुणबी कुटुंबात ती कामाला राहिली, परंतु भांडी घासणार नाही व केर काढणार नाही, या अटीवर. एके दिवशी घरातील एकाने तिला हीच कामे सांगितली. तिने ती केली आणि लगेच डोंगर चढून गेली. पुन्हा ती परतली नाही. भांडी घासली ते ठिकाण थाळेमेळ व वास्तव्य केले ते कळसूबाई, असे सांगितले जाते. या कथेत चमत्कार नाही. आहे तो मोडलेला करार आणि त्यावर स्वाभिमानाने दिलेले उत्तर.

ऐतिहासिक संदर्भ :
मराठेशाहीत महादेव कोळ्यांकडे गडकिल्ल्यांच्या रखवालीचे हक्क होते. १८१८ नंतर इंग्रजांनी ते संपुष्टात आणले. त्यातच सावकारी कर्जामुळे जमिनी जाऊ लागल्या. या असंतोषातून देवगावच्या राघोजी भांगरे यांनी सावकारशाही व इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाणे येथील तुरुंगात फाशी देण्यात आले. डोंगराचा हा इतिहास अशा रीतीने ठाण्याशी जोडलेला आहे. कळसूच्या कथेचा काळ निश्चित नसल्याने तिला या उठावाचे रूपक म्हणणे घाईचे ठरेल. तथापि शब्द मोडणाऱ्याची चाकरी सोडून डोंगर जवळ करणे, ही मूल्यकल्पना दोहोंत समान आहे.

तौलनिक दृष्टी :
अमेरिकेत चेरोकी लोकांना १८३८-३९ मध्ये त्यांच्या पर्वतभूमीतून हद्दपार करण्यात आले. त्यांना पवित्र असलेल्या शिखरास पुढे क्लिंगमन्स डोम असे नाव पडले. ‘कुवोही’ हे मूळ नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे परत मिळाले. कळसूबाईचे नाव मात्र कधी हरवले नाही. नवरात्रात आजही भाविक शिखरावरील मंदिरात जातात.

समारोप :
नाव टिकले, पण त्यामागील कष्टकरी मुलगी देवीरूपात झाकली गेली. कथेतील अट विसरली गेल्यास केवळ उंचीचा आकडा उरेल. म्हणून स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात अशा कथांना साधन म्हणून स्थान मिळणे गरजेचे आहे.